थोरली आणि धाकटी

टेनिसच्या रॅकेटी लाकडाच्या असत, त्या काळची गोष्ट. मालिनीताई दाणींच्या दोन रॅकेटी होत्या. दिसायला अगदी जुळ्या, पण थोरली अंमळ जड, धाकटी हलकी. थोरलीचा फटका जोरकस, म्हणून प्रत्येक सामन्यात ताई तिलाच उचलत. धाकटी खुंटीवर रुसून बसे.

पुढे ताईंचं मनगट मोडलं. बऱ्याच महिन्यांनी त्या दोघींना घेऊन जिमखान्यावर आल्या आणि सवयीनं थोरलीच हाती घेतली. पहिल्याच चेंडूला कळ मस्तकात गेली. बाकावर बसून थोरलीला कुरवाळत त्या म्हणाल्या, "संपलं गं आपलं खेळणं."

थोरलीच्या मुठीत कितीतरी उन्हाळ्यांचा घाम मुरला होता. तिला गलबलून आलं. शेजारच्या धाकटीला ती म्हणाली, "आता तू जा."

"आणि तू?"

"माझं वजन तिला पेलत नाही. तुझं पेलेल. लवकर कर, ती घरी निघालीय."

धाकटी घसरून ताईंच्या पायाशी पडली. ताईंनी तिला उचललं, हातात तोलून पाहिलं आणि हलकेच एक चेंडू मारला. दुखलं नाही. त्यांनी दुसरा मारला, मग तिसऱ्यामागे धावल्याच.

बाकावर एकटी पडलेली थोरली ताईंच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. ती पावलं अजून तशीच पळत होती.