पुडीला बांधलेली पगडी

सोनखडीच्या राजमाता आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. अशात त्रिविक्रमशास्त्री नावाचे एक वैद्य दरबारात आले आणि त्यांनी कनवटीची लाल पुडी काढली.

"महाराज, ही एकच पुडी सगळ्या रोगांवर चालते. मात्र आधीची औषधं आजच बंद करा आणि राजवैद्याची पगडी मला बांधा."

घाबरलेल्या महाराजांनी पगडी मागवलीसुद्धा.

राजमातांसाठी पेज घेऊन निघालेली दासी येसाबाई दारातच थांबली. "शास्त्रीबुवा, हिने जुलाब थांबतात?"

"थांबतात."

"आणि पोट साफ होत नसेल तर?"

"तासाभरात होतं."

"झोप लागत नसेल तर?"

"गाढ लागते."

"आणि आमच्या दिवाणजींसारखी दिवसभर लागत असेल तर?"

"उडून जाते."

दिवाणजी दचकून जागे झाले.

"मग कुणाच्या पोटात जाऊन काय करायचं, हे तिला सांगतं कोण?"

शास्त्रीबुवांनी छाती फुगवली. "सांगावं लागत नाही. पुडीला सगळं आपोआप कळतं."

"मग महाराज, पगडी पुडीलाच बांधा. सगळं तिलाच कळतं, तर यांचं काय काम?"

दरबार पोट धरधरून हसला. महाराजांनी खरोखरच पुडी चौरंगावर ठेवली, तिच्यावर पगडी चढवली आणि हात जोडले. "चला राजवैद्य, आईसाहेबांची नाडी बघा."

पुडी जागची हलली नाही. शास्त्रीबुवा मात्र हलले, ते थेट वेशीबाहेर जाऊनच थांबले.