अण्णांच्या गाडीची स्प्रिंग

"दोर नीट भरलाय का, एवढंच बघा चाचा. बाकी मला येतंय."

हणमंत इंजिनावर ओणवा होऊन बोलत होता. आमच्या शेजारचाच तो. हायवेला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पण त्या दिवशी त्यानं गाडी घराच्या दारातच उघडली होती.

मी भिंतीअलीकडं सांडगे घालत होते. म्हणजे हात घालत होते, कान तिकडंच.

दस्तगीरचाचा खुर्चीत बसले होते. हणमंत हे काम शिकला ते त्यांच्याच हाताखाली.

"प्लगच्या भोकातून दोर आत भरायचा काकू," हणमंत मला ऐकवू लागला, "आणि पिस्टन वर आणून तो दाबायचा. मग सील बदलायला स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडत नाही. बाकीचे इंजिनाचं अख्खं हेड उतरवतात. मी नाही!"

"तोंडानं पण सील बदलतोस काय रे?" चाचा म्हणाले.

हणमंत हसला नाही.

आत त्याचे वडील होते, अण्णा. ही गाडी वडापला चालवून, गावोगावची माणसं भरून नेऊन, त्यांनी संसार केला. मोठ्या दवाखान्यानं आदल्या दिवशीच त्यांना परत पाठवलं होतं. आता घरीच असू द्या म्हणून. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ते.

नवं सील बसलं. हणमंतनं स्प्रिंग दाबून धरली. उरली फक्त नखाएवढी दोन लॉक. ती बसली की स्प्रिंग निसटत नाही.

चाचांनी फडक्यावरची ती लॉक उचलली आणि मूठ मिटली.

"द्या चाचा."

"हे शेवटचं?"

"शेवटचंच. गाडी सुरू झाली की अण्णांना पुण्याला नेतो. तिथं मोठे डॉक्टर आहेत."

"इथले काय लहान होते?"

हणमंतनं स्प्रिंग आणखी दाबली.

"काल अण्णांनी तुला बोलावलं होतं."

"काल मी कव्हर उघडत होतो."

"आज सकाळी?"

"चाचा, हात भरून आलाय. द्या ना."

मूठ उघडली नाही.

तेवढ्यात त्याची बायको सुलभा दारात आली. डोळे सुजलेले.

"अहो... तुमचंच नाव घेतायत. या की आता."

"आलोच. हे एवढं बसवतो."

ती उभीच राहिली. हणमंतची मान काही वर झाली नाही.

चाचा उठले. आयुष्यात ज्यानं एक वायसर वाया घालवला नाही, त्या माणसानं ती दोन्ही लॉक समोरच्या गटारात टाकली.

माझ्या हातातला सांडगा हातातच राहिला.

हणमंत गटाराकडं बघत राहिला. मग चाचांकडं. शिवी ओठावर आली असावी... पण बाहेर पडली नाही. त्याचा हात सैल पडला. स्प्रिंग हळूहळू वर आली.

"चाचा, मी आत जाऊन काय करू?"

चाचांनी दाराकडं बोट केलं.

हणमंत नळाकडं वळला. "हात तरी धुतो. कोपरापर्यंत काळं झालंय. असा कसा अण्णांना हात लावू?"

चाचांनी नळ बंद केला.

"तसाच जा. धुतलेला हात ते कुणाचा समजतील?"