आखूड शिंगांचा कळप

त्या माळावर रानरेड्यांचे युद्ध म्हणजे एक जलसाच असे. दोन कळप ओढ्याच्या दोन काठांवर उभे राहत, लांबलचक शिंगे मिरवत, धूळ उडवत आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार करत. ऊन उतरेपर्यंत ज्यांचा घसा आधी बसे ते हरले, असे ठरे. एखाद्याचा कान फाटलाच, तर त्याचे पोवाडे वर्षभर चालत. याला ते पराक्रम म्हणत.

मोरी नावाची म्हैस एका कळपाच्या नायकापासून गाभण राहिली, तेव्हा त्याने आपले अंग काढून घेतले आणि तिच्या पोटात किडा आहे असे जाहीर केले. तो किडा जन्मला. त्याचे नाव काजळ्या. मायलेकरांना हाकलून देण्यात आले. परक्या कळपाच्या कडेला, उष्ट्या गवतावर तो वाढला.

मोठा झाल्यावर त्याने खडकावर घासघासून आपली शिंगे आखूड आणि टोकदार केली. सगळे हसले. पुढच्या जलशात तो सरळ ओढा ओलांडून गेला आणि शिव्या देणाऱ्या एका रेड्याच्या फासळ्यांत घुसला. नियम मोडला म्हणून दोन्ही काठांवर कुरकुर झाली, पण हसले कोणी नाही.

नायक मेला तसा काजळ्या परतला आणि त्याची जागा घेऊन बसला. त्याने सगळ्यांची शिंगे घासायला लावली. काटेरी रानातून पळवून त्यांचे खूर टणक केले. जो लंगडला त्याला तिथेच संपवले. तरण्या रेड्यांना त्याच्या परवानगीवाचून म्हशींकडे जायला बंदी झाली. लढाईत मधली फळी शत्रूला थोपवून धरी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या वळसा घालून त्याला कोंडत. एकामागून एक कळप त्याला शरण आले. लांब शिंगांचे पोवाडे गाणारे आता आखूड शिंगांचे गाऊ लागले. चाल तीच ठेवली.

मग मोरी म्हातारपणाने मेली. काजळ्याचे दुःख खरे होते, म्हणूनच ते सर्वांना भोगावे लागले. कोणी चरायचे नाही, कोणी रेडकाला पाजायचे नाही, असा हुकूम सुटला. ज्याचे डोळे कोरडे दिसले त्याला शिंगावर घेतले गेले. रेडे शेजाऱ्याचे डोळे तपासू लागले, आणि कित्येक जुनी भांडणे त्या निमित्ताने मिटली.

शेवटी जुन्या नायकाचा दुसरा मुलगा, काजळ्याचा सावत्र भाऊ सोनशिंग्या, पाणवठ्यावर मागून आला. काजळ्या कोसळताना एवढेच म्हणाला, "शिंगं घासायला तुला मीच शिकवलं."

"म्हणून तर इतकी आत गेली," सोनशिंग्या म्हणाला.

त्याने कळप जमवला. जुलूम संपला, आता चरा, म्हशींकडे जा, रेडके वाढवा, असे त्याने मोठ्या मनाने सांगितले.

गवत गुडघ्यापर्यंत आले होते. दूध न मिळालेली रेडके कडेला पडली होती. कळप रांगा धरून उभा राहिला. भुकेने पाय लटपटत होते, पण मान कोणीच खाली घातली नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या शिंगांकडे पाहत, चरण्याचा हुकूम पुन्हा एकदा, नीट ओरडून दिला जाण्याची वाट बघत होता.