राणीच्या शेजारी

"पण ही पंधरा माणसं करतात तरी काय, गुरुजी?"

लिकॉन तावातावानं विचारत होता. ग्रीसमधल्या एका लहानशा नगरात त्याची पहिली शोकांतिका उभी राहत होती. उत्सव आठ दिवसांवर आला होता. म्हातारे थिओनास त्याचे गुरू. नाटकात नगरजन होऊन गाणाऱ्या कोरसची तालीम तेच घेत.

"राजा मरतो, हे रडतात. राणीवर आभाळ कोसळतं, हे हळहळतात. अडवत कुणी नाही, वाचवत कुणी नाही. यांच्यापायी माझं नाटक रखडतं."

"मग काढून टाक."

लिकॉन चमकला. "...खरंच?"

"आजची तालीम त्यांच्याशिवाय कर."

थिओनासांनी खूण केली. पंधराही जण नाचगाण्याच्या वर्तुळातून उठून प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

प्रवेश सुरू झाला. दूत आला, राजपुत्र रणात पडल्याचं राणीला सांगून निघून गेला. राणीच्या भूमिकेत दामोन होता, गावातला सगळ्यात जुना नट. एरवी इथे कोरस गायचा. आज राणीनं लगेच पुढचं भाषण घ्यायचं होतं.

दामोन बोलेना.

"पुढे!" लिकॉन ओरडला.

...

मुखवट्याआडून हुंदका आला. त्या मोकळ्या वर्तुळात म्हातारा दामोन एकटाच उभा होता. गेल्या वर्षी त्याचा मुलगा गलबतासकट बुडाला. दामोन तेव्हा रडला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लिकॉननं गुरुजींकडे पाहिलं. ते दामोनकडेच बघत होते.

शेवटी लिकॉनला राहवेना. तो पायऱ्यांवरून धावत खाली गेला. दामोनला खेटून उभा राहिला आणि आपणच लिहिलेल्या, आपणच आज वगळलेल्या कोरसच्या ओळी बेसूर आवाजात म्हणू लागला...

"रड, आई, रड. आम्ही आहोत इथेच..."

दामोननं मुखवटा काढला. पोटभर रडला. मग डोळे पुसून त्यानं लांब श्वास घेतला.

"छाती मोकळी झाली रे पोरा. चल, भाषण घेऊ."

आणि ते त्यानं असं म्हटलं, की पायऱ्यांवर कुणी हललं नाही.

तालीम संपली. लिकॉन गुरुजींपाशी आला. त्यालाही हलकं वाटत होतं, का ते कळत नव्हतं.

"मी तर काहीच केलं नाही, गुरुजी. त्याचा मुलगा काही परत आला नाही. मी नुसता शेजारी उभा राहिलो."

थिओनास हसले.

"उभं राहणं जमलं तुला. उद्या ये, सूर शिकवतो."