रिकामी चौकट

"पण सर, मी खोटं कुठं बोलतोय? नुसता गप्प बसलो, तर तेही खोटं का?"

खांबेटेसर ओटीवर पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब नेर्लेकर म्हणजे अणुकेंद्रीय भौतिकीतलं बडं प्रस्थ. त्याच्या एका पेपरचा हवाला जगभरच्या साडेतीन हजार पेपरांनी दिला होता. हा आकडा तो नाव सांगायच्या आधी सांगतो, अशी त्याची थट्टा व्हायची. सोमवारी संचालकपदासाठी मुलाखत होती. आणि हा गडी आज आंबोलीच्या थंडीत, आपल्या जुन्या गुरूंपुढे घामाघूम होऊन बसला होता.

"नीट सांग," सर म्हणाले. "तुझ्या आलेखातलं ते शिखर कशाचं होतं?"

हेरंबने पावट्याची एक शेंग उचलून सोलली.

"चौकटीचं."

नमुना ज्या धातूच्या चौकटीत बसवतात, ती चौकट. किरणांचा झोत नमुन्यावर सोडला, की थोडा कडेलाही सांडतो. आलेखावर उठलेलं ते गाजलेलं शिखर नमुन्याचं नव्हतंच मुळी. गेल्या महिन्यात हेरंबने सहज रिकामी चौकट लावून पाहिली, तर शिखर जागच्या जागी!

सरांच्या प्रयोगशाळेत एक शिरस्ता होता. नमुना लावण्याआधी रिकामी चौकट लावायची, काय दिसतं ते मोजायचं आणि पुढे ते वजा करायचं. विद्यार्थी वैतागायचे, पण सर ऐकतात कसले! हेरंबने तो शिरस्ता एकदाच मोडला होता. झोत वापरायला मिळालेली वेळ संपत आली होती, आणि परदेशातला एक गट तेच मोजतोय अशी कुणकुण लागली होती.

"इतक्या लोकांना ते शिखर दिसलं, सर. सगळेच आंधळे?"

"त्यांनी चौकट कसली वापरली?"

"...माझ्यासारखीच. माझा पेपर वाचून."

सरांना हसू फुटलं. हेरंबला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

"पेपर मागे घेतो, असा संपादकांना मेल लिहून ठेवलाय," त्याने खिशातून फोन काढला. "पण पाठवायला बोट धजत नाही. हा गेला, की त्याच्या जोरावर मिळालेलं सगळं गेलं. लोक तोंडावर हसतील हो!"

सर उठले. आतून किरणोत्सर्ग मोजणारा जुना गायगर काउंटर घेऊन आले, धोतराच्या सोग्याने त्याची धूळ पुसली आणि कळ दाबली.

टक्... टक् टक्... टक्.

"याच्यासमोर काय ठेवलंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही." हेरंब चिडला. "आकाशातून येतं ते, भिंतीतून येतं, तुमच्या-माझ्या हाडांतून येतं. कुठंही नेला तरी टकटकणारच. मला काय शिकवताय, सर?"

"नाही, म्हटलं हे ठोके माझ्या नावावर टाकावेत. ओटीवर बसल्या बसल्या माझाही आकडा वाढेल."

हेरंब हसला नाही. मग त्याने शेवटचा डाव टाकला.

"तुमचाही पेपर जाईल, सर. तुमचा शेवटचा. माझ्याच शिखरावर उभा आहे तो."

सरांचा हात पावट्यांत तसाच राहिला...

निवृत्तीनंतर डोळे अधू झालेले असताना सरांनी तो पेपर लिहिला होता. त्याचं त्यांना केवढं कौतुक होतं, हे हेरंबला पक्कं ठाऊक होतं. शब्द तोंडातून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

टक्... टक्...

"त्या मेलमध्ये माझंही नाव घाल," सर म्हणाले. "खांबेट्यांचाही मागे घ्या म्हणावं."

"सर, तुम्ही कशाला... तुमची काय चूक?"

"रिकामी चौकट लावली होतीस का, हे मी तुला विचारलं नाही. माझा विद्यार्थी म्हणून गृहीत धरलं. घाल नाव."

हेरंबने नाव घातलं. अंगठा बटणापाशी नेला.

"सर... हे सगळं वजा केलं, तर माझं म्हणून काय उरेल हो?"

सरांनी टकटकणारा काउंटर उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि पावट्यांची परडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"मोजल्याशिवाय कसं सांगू, बाबा?"