कडूकंदाच्या टोपल्या

पूर्वी कुंभवती नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्या राज्याच्या अगदी कडेला, डोंगरपायथ्याच्या खदिरग्रामात, एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वेणुक. बोधिसत्त्व म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुवर्णमृग नाहीतर राजपुत्र येतो. या जन्मी मात्र तो गावाबाहेर राहणारा, बांबू फोडून टोपल्या आणि सुपे विणणारा साधा माणूस होता. त्याची बायको कुरंगी डोंगरावरच्या रानात राहणाऱ्या लोकांतली होती, त्यामुळे गाव तिच्या हातचे पाणीही जरा नाक मुरडूनच पीत असे.

दृढवर्म्याचे शेजारच्या राजाशी युद्ध चालले होते. ते कशासाठी, हे खदिरग्रामात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पहिल्या हिवाळ्यात राजाचे लोक आले आणि धान्य घेऊन गेले. दुसऱ्या हिवाळ्यात आले तेव्हा धान्य नव्हते, म्हणून बैल घेऊन गेले. त्यात दोन वर्षे पाऊस फिरकला नाही. लोकांनी आधी बियाणे खाल्ले, मग मोटेचे चामडे भिजवून खाल्ले. म्हातारी माणसे एकामागून एक गेली आणि पुढे पुढे त्यांच्यासाठी रडायचेही कोणाला त्राण उरले नाही.

डोंगराच्या वरच्या अंगाला शिलाग्राम नावाचे गाव होते. तिथे जमिनीखाली पाच पेवे होती आणि त्यांत वरई साठवलेली असे. एवढ्या चढावर राजाचे घोडे गेले नसतील, तेव्हा पेवे अजून भरलेली असणार, अशी खदिरग्रामच्या लोकांची खात्री होती. खात्री करून घ्यायला वर मात्र कोणी गेले नव्हते. उलट वरचे लोक मागायला खाली उतरू नयेत म्हणून गावाने वर्षभर वाटेवर दगड घेऊन पहारा बसवला होता. संकट आले की माणूस आधी शेजाऱ्याच्या कोठाराचा अंदाज बांधतो. तेव्हाही बांधत असे, आजही बांधतो. आपल्या पायाखाली काय आहे ते त्याला सगळ्यात शेवटी दिसते.

एके सकाळी गावचा मुखिया पिंगल वेणुकाच्या अंगणात आला. त्याच्यासोबत पाचसहा माणसे होती.

"चाळीस भाले आणि ऐंशी टोपल्या हव्यात," पिंगल म्हणाला. "अमावस्येला आम्ही शिलाग्रामावर जाणार."

"टोपल्या देईन, धनी," वेणुक म्हणाला. "भाले नाही देणार."

"का रे? बांबू संपले?"

"बांबू आहेत. पण तुमच्या शिरीषाचा नवरा तिथे पेवांवर राखण करतो. मी तासलेलं टोक त्याच्याच पोटात जायचं."

शिरीषा ही पिंगलची थोरली लेक, शिलाग्रामात दिलेली. तिचे नाव ऐकताच पिंगलच्या कपाळाची शीर तटतटली. "तिचं नाव काढू नकोस. बाप उपाशी आहे हे तिला ठाऊक नाही? मूठभर वरई धाडली नाही तिने. जसे काही मेलोच आम्ही!"

बोधिसत्त्वाने हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "धनी, आपल्याच रानात कडूकंद आहे. वेल वाळलेत, पण कुरंगीला जागा माहीत आहेत. कंद विषारी असतो हे खरं. पण पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडल्या आणि तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की विष निघून जातं. तिचे लोक तेच खाऊन जगतात. घळीतला झरा अजून वाहतोय. मला अमावस्येपर्यंत पाच दिवस द्या. तुमच्या ऐंशी टोपल्या मी त्या कामासाठी विणतो."

माणसे हसली. हसायलाही जोर लागतो, पण तेवढा त्यांनी कुठून तरी काढला. रानटी लोकांचे खाणे आम्ही खायचे? दुसऱ्याच्या घरावर चालून जायला ज्यांना काही वाटत नव्हते, त्यांना कंद खायची लाज वाटली. पण भाले करायलाही पाच दिवस लागणारच होते. पिंगल म्हणाला, "कर काय करायचं ते. बांबू आम्ही तोडून नेतो, टोकंही आम्हीच करू."

मग पुरुषांनी वेणुकाच्या बेटातले बांबू तोडले आणि वडाखाली बसून टोके विस्तवावर शेकली. बायका आणि उरलेसुरले म्हातारे कुरंगीच्या मागे रानात गेले. त्यांनी कंद खणले, सोलले, चकत्या केल्या, राखेच्या पाण्यात उकडल्या. वेणुक दिवसरात्र विणत राहिला. वीण अशी हवी होती की पाणी आतून खेळावे आणि चकती मात्र बाहेर जाऊ नये. दुसरा दिवस मावळेपर्यंत विणून झाल्या तेवढ्या टोपल्या भरून झऱ्याच्या पात्रात दगडांनी दाबून ठेवल्या गेल्या. तीन दिवस कोणी हात लावू नये म्हणून पिंगलने आपल्या मुलाला, दर्भकाला, तिथे राखणीला बसवले. तो अठरा वर्षांचा होता.

राखणदाराची भूक काही वेगळी नसते. चौथ्या दिवशी दुपारी दर्भकाने एका टोपलीतल्या चकत्या काढून खाल्ल्या. पाण्यात ठेवून त्यांना दोनच दिवस झाले होते. बायका पाण्याला गेल्या तेव्हा तो काठावर तडफडत होता आणि तोंडाला फेस आला होता. कुरंगीने त्याचे डोके मांडीवर घेतले. तिला करता येण्यासारखे काहीच नव्हते. ऊन उतरायच्या आत तो गेला.

पिंगल पहार घेऊन आला. त्याच्या माणसांनी वेणुकाला धरले आणि ज्या ठोकळ्यावर तो बांबू फोडत असे त्यावर त्याचे हात दाबून धरले. पिंगलने आधी उजव्या हाताची बोटे ठेचली, मग डाव्या.

बोधिसत्त्वाला राग आला नाही असे मी सांगणार नाही. राग आला. पण त्या वेळी त्याला रागाहून मोठी एक भीती होती, आणि ती स्वतःबद्दलची नव्हती. तो ओरडत होता, "टोपल्या काढू नका! उद्या मावळतीपर्यंत काढू नका! नाहीतर आणखी कोणीतरी मरेल!" लोकांना वाटले, तो दया मागतो आहे. नदा नावाच्या एका म्हातारीला तेवढे नीट ऐकू आले. ती काठी टेकत झऱ्यावर गेली आणि टोपल्यांजवळ बसून राहिली.

पाचव्या दिवशी मावळतीला टोपल्या बाहेर काढल्या. कोणी त्यांना शिवेना. वडाला टेकून चाळीस भाले उभे होते आणि उजाडताच निघायचे ठरले होते. वेणुक फडक्यांत गुंडाळलेले हात घेऊन वडाखाली येऊन बसला. कुरंगीने एक चकती त्याच्या तोंडात घातली, एक आपल्या तोंडात घातली. दोघांनी पोटभर खाल्ले. सगळे गाव त्यांच्याकडे पाहत बसले. काहींना ती दोघे जगावी असे वाटत होते. काहींना मरावी असे वाटत होते, म्हणजे मग शिलाग्रामावर जायला कोणाची आडकाठी उरली नसती. मला या दुसऱ्या लोकांची फार भीती वाटते, कारण ते दुष्ट नव्हते, नुसते थकलेले होते.

सूर्य उगवला तेव्हा वेणुकाला तापाने कापरे भरले होते, पण तो ताप हातांचा होता. कुरंगी उठली आणि तिने चूल पेटवली. आधी नदा म्हातारीने खाल्ले. मग तिच्या सुनेने खाल्ले. मग सगळ्यांनीच. पिंगलने भाला उचलला आणि मागे वळून पाहिले. कोणी उठले नाही, सगळे खात होते. त्याने भाला परत टेकवून ठेवला आणि घरी गेला.

त्यानंतर बाराव्या दिवशी डोंगरावरून माणसे उतरली. वीसेक असतील. हातांत विळे होते, दगड होते. रोज चुलींचा धूर दिसत होता, तेव्हा खालच्या लोकांकडे धान्य असणार, असे त्यांनी धरले होते. खदिरग्रामचे पुरुष भाल्यांकडे धावले. बोधिसत्त्व त्यांच्याआधी वाटेवर जाऊन बसला. त्याला हात उगारता येत नव्हते आणि जोडताही येत नव्हते. तो एवढेच म्हणाला, "यांना आधी वाढा. मारायचं असेल तर नंतर मारा."

कुरंगीने टोपली आणून मध्ये ठेवली. वरचे लोक विळे टाकून त्यावर तुटून पडले. त्यांत शिरीषाचा नवरा होता. पिंगलने त्याला ओळखले.

"पेवं कुठे गेली तुमची?" पिंगलने विचारले.

"पहिल्याच हिवाळ्यात राजाच्या लोकांनी उपसली," तो खाता खाता म्हणाला.

"आणि शिरीषा?"

त्याचा घास थांबला. "चैत्रात गेली, मामा. पोटुशी होती. तिला तुमच्याकडे आणत होतो. वाटेवर तुमच्या लोकांनी दगड मारले, मग परत फिरलो."

पिंगल तिथेच मातीत बसला.

शिलाग्रामचे बाकीचे लोकही खाली आले, आता खाणारी तोंडे दुप्पट झाली आणि टोपल्या कुजत चालल्या. नव्या विणणाऱ्या हातांची गावात एकच जोडी होती आणि ती मोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगल वेणुकाच्या अंगणात आला. वडाखालचे काही भाले तो काखेत घेऊन आला होता. ठोकळ्यावर अजून काळे डाग होते. पिंगल त्या ठोकळ्यापुढे बसला, त्याने कोयता उचलला आणि एक भाला उभा फोडला.

"सांग," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "गाठीपासून नको, धनी. शेंड्याकडून फोडा. कामटी पातळ निघेल."

पिंगलच्या पहिल्या टोपल्या वाकड्या झाल्या, चकत्या फटींतून वाहून गेल्या. बोधिसत्त्व न चिडता पुन्हा सांगे, पिंगल उसवून पुन्हा विणी. पाऊस आला तो त्यापुढच्या वर्षी. तोवर दोन्ही गावांतली निम्मी माणसे उरली होती, पण त्या दिवसापासून जी गेली त्यांतले एकही माणसाच्या हातून मेले नाही. वेणुकाची बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत. शेवटपर्यंत त्याला कुरंगीने भरवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली तेव्हाही दुष्काळच होता आणि दोन गावे पाण्यावरून एकमेकांवर उठली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची कुरंगी म्हणजे आजची भिक्षुणी विपुला. नदा म्हातारी म्हणजे उपासिका सामा. दर्भक म्हणजे तो नवा शिकाऊ भिक्षू, श्रामणेर, ज्याला अजून उपवास सोसत नाही. पिंगल म्हणजे भिक्षू सुदंत. आणि वेणुक बुरूड म्हणजे मीच."

सुदंत हा संघातला सर्वांत अबोल भिक्षू. तो उठून उभा राहिला. त्याने विचारले, "भगवन्, तेव्हा आपण मला क्षमा केलीत का?"

शास्ते म्हणाले, "तू क्षमा मागितली नव्हतीस, सुदंता. टोपली कशी विणायची ते विचारलं होतंस. ते मी सांगितलं."

सुदंत रडू लागला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली, ती ही क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता, होय.