मांजर कुठून येते

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी मांजरीपायी सगळ्यांची झोप उडाली. मांजर बाहेरची नव्हती. कोठारातल्या उंदरांसाठी तिला पाळले होते. सकाळी वाटीभर दूधभात मिळावा आणि बाकीचे तिने स्वतः पाहून घ्यावे, असा सरळ व्यवहार होता. कोठार सोडून ती कधी माजघरात आली नव्हती. पण व्यापाऱ्याची सून बाळंत झाली, बाळाची पाचवी पुजून झाली, आणि त्यानंतर ही मांजर रोज अंधार पडला की बाळंतिणीच्या बाजेवर येऊन बसू लागली.

मांजरीला हाकलणे म्हणजे काय मोठेसे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी ते कधी केलेले नसते. हुसकले की ती शहाण्यासारखी उतरते. दार लावून वळावे, तर ती आधीच खिडकीतून आत येऊन तिथेच बसलेली असते, आणि तिच्या तोंडाकडे पाहून कोणालाही वाटावे की चूक आपलीच आहे.

पण या घरात हसण्यासारखी गोष्ट राहिली नव्हती. सुनेला माहेर नव्हते. आईवडील ती लहान असतानाच गेलेले. लग्नाला पुष्कळ वर्षे झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर हे मूल झाले होते, आणि तेही अंगाने अगदी बारीक. त्यात शेजारच्या बायकांनी तिच्या मनात भरवून दिले की मांजर तान्ह्या बाळाच्या छातीवर बसते आणि त्याचा श्वास कोंडते. झाले! ती बाळाकडे तोंड करून रात्रभर डोळे ताणून पडू लागली. पुढे दिवसाही डोळ्याला डोळा लागेना. झोप गेली तसे दूध आटू लागले. बाळ ओढून ओढून थकायचे आणि उपाशीच रडत राहायचे. सुईणीने सासूला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की या पोरीला झोप लागली नाही तर या लेकराचे काही खरे नाही.

व्यापाऱ्याने ठरवले, मांजर पोत्यात घालायची आणि नदीपलीकडे सोडून यायची. पण मांजर मेली तर मोठे पाप लागते, सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, हे त्याने आजीकडून ऐकले होते. माणूस चोख होता. पाप करायचेच तर त्याचा भाव आधी विचारून घ्यावा, म्हणून तो नदीकाठच्या मठात राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, मारायची नाही. नुसती सोडून यायची. मग पुढचं तिचं नशीब. यात माझ्याकडे काही येतं का?"

आचार्यांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. बाळाचे वजन कसे आहे, सून काय खाते, एवढेच विचारले. मग त्यांनी आपल्या शिष्याला हाक मारली आणि सांगितले, की आज रात्री तू यांच्या घरी जा आणि मांजरीला बाजेवर येऊ देऊ नकोस.

शिष्य बुद्धिमान होता, आणि ते त्याला ठाऊकही होते. इंद्रियनिग्रहावर तो घटकाभर न अडखळता बोलू शके. तो बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर काठी घेऊन बसला. दार लावले तर मांजर खिडकीतून आली. खिडकी लावली तर कौलांच्या फटीतून उतरली. त्याने पाणी शिंपडले. तिने अंग झटकले आणि ती पुन्हा आली. मग त्याने डोके चालवले. बाळंतिणीला शेक मिळावा म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तशी इथेही होती. मांजरीला ऊब हवी असणार, हे त्याला सुचले आणि स्वतःचे कौतुक वाटले. त्याने शेगडी उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मांजरीने शेगडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती सरळ बाजेच्या पायथ्याशी चढली. त्याने काठी आपटली, बाळ दचकून रडले, सून उठून बसली आणि तीही रडू लागली. शिष्याने हात टेकले.

सकाळी तो मठात परतला तेव्हा डोळे लाल झाले होते. त्याने रात्रीचा सगळा वृत्तांत सांगितला. ती दारातून आली, खिडकीतून आली, वरून आली. बाळाजवळ जात नाही, पायथ्याशी बसते, सगळीकडे बघते, जाते आणि पुन्हा येते. जितक्या वेळा हाकलावी तितक्या वेळा येते. हा हट्ट आहे, दुसरे काही नाही, असा निष्कर्षही त्याने काढला.

आचार्य शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "अरे, ती कुठून येते?"

शिष्य म्हणाला, "सांगितलं ना गुरुदेव, खिडकीतून."

"खिडकीच्या आधी कुठून?"

 रात्रभर शिष्याची नजर बाजेवर होती. ती कुठे येते, ते त्याने पाहिले होते. कुठून येते, ते पाहिलेच नव्हते. खरे सांगायचे तर त्या घरातल्या कोणीच पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आचार्य स्वतः व्यापाऱ्याच्या घरी गेले. त्यांनी जे केले ते पाहून सासूने कपाळाला हात लावला. त्यांनी खोलीचे दार सताड उघडले. खिडकीची कडी काढली. सुनेला सांगितले, की बाळाला मांडीवर घे, पदराखाली घे, आणि मांजर आली तर हात उगारू नकोस. व्यापाऱ्याने काही बोलायला तोंड उघडले, तेव्हा आचार्यांनी त्याला खुणेनेच खाली बसवले. शिष्याला त्यांनी कोठाराच्या वाटेवर उभे केले.

बाहेर अंधार झाला. मांजर आली. कोणी शुक् केले नाही, कोणी काठी उचलली नाही. ती बाजेच्या पायथ्याशी चढली, गोधडी हुंगली, बाळाला कुशीत घेऊन बसलेल्या त्या पोरीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग उतरून गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली तेव्हा तिच्या तोंडात एक पिल्लू होते. डोळेसुद्धा न उघडलेले. तिने ते हळूच गोधडीवर ठेवले आणि ती पुन्हा गेली. दुसरे आणले. ते पहिल्याला चिकटवून ठेवले. मग ती बाजेवरून उतरली, सुनेच्या पायाशी जमिनीवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. इतक्या रात्रींत ती डोळे मिटताना कोणाला दिसली नव्हती.

 आयुष्यभर धान्य मोजलेला तो व्यापारी तोंडावर हात धरून बसला होता.

इतक्यात शिष्य दिवा घेऊन परतला.  पोत्यांच्या थप्पीमागे मांजर व्यायली होती आणि घरात कोणाला पत्ताही नव्हता. कोठारात कुठला तरी दांडगा बोका शिरला होता. एक पिल्लू त्याने मारले होते. ते तिथेच पडले होते, आणि बोका अजून कणगीवर बसून होता.

आचार्य म्हणाले, "तुम्ही सगळे बाज राखत बसलात. ती काय न्यायला येते, याचा घोर तुम्हाला लागला. ती न्यायला येत नव्हती, ठेवायला येत होती. जागा निर्धास्त आहे का, हे ती आधी पाहून जायची आणि रोज मार खाऊन परत जायची. एवढ्या मोठ्या घरात लेकराला डोळ्यांआड न करणारी एकच बाई आहे, हे त्या मुक्या जिवाला कळलं. तुम्ही जिला वैरीण म्हणालात, तिने या घरात सगळ्यांत जास्त विश्वास तुमच्या सुनेवर टाकला."

सून त्या पिल्लांकडे पाहत होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच भीतीशिवाय बोलली. "बाबा," ती म्हणाली, "ही पण माझ्यासारखी जागीच होती की हो."

आचार्यांचे डोळे भरून आले, पण ते लगेच कामाला लागले. दया म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंथरुणात मांजर घेणे नव्हे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. बाज बाळाची, तिथे मांजर नको, पिल्ले नकोत. मात्र जिने जागा मागितली आहे तिला जागा दिल्याशिवाय ती बाज सोडणार नाही, आणि ती जागा सुनेनेच द्यायला हवी. त्यांनी एक खोल टोपली मागवली. सुनेने आपले वापरून मऊ झालेले लुगडे त्यात घातले. टोपली भिंतीशी ठेवली, बाजेवरून हात पोचणार नाही पण नजर पोचेल अशी. बाळाला सासूकडे देऊन तिने ती दोन पिल्ले ओंजळीत उचलली. शेजारणींचे ऐकून कालपर्यंत ती मांजरीच्या सावलीलाही घाबरत होती. पिल्ले टोपलीत ठेवून ती बाजेवर परत आली.

मांजर उठली. टोपलीभोवती फिरली, लुगडे हुंगले, एकदा वर सुनेकडे पाहिले आणि आत शिरून पिल्लांभोवती वेटोळे करून पडली. बाजेकडे ती पुन्हा वळली नाही. कोठारातून व्यापाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. तो स्वतः काठी घेऊन बोक्याला बाहेर काढत होता.

सासूने बाळ सुनेच्या कुशीत दिले. सुनेने एकदा टोपलीकडे पाहिले, मान उशीवर टेकली, आणि बघता बघता तिला झोप लागली. तिकडे टोपलीतही सगळे निजले होते. शिष्य उंबऱ्यावर उभा होता. त्याने नकळत हात जोडले. कोणाला जोडले, हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते.

तो आचार्यांच्या मागून मठाकडे परतला. आपल्या दाराशी जो पुन्हा पुन्हा येतो, त्याच्यावर काठी उचलण्याआधी तो कुठून पळून आला आहे एवढे पाहावे, हे त्याला कुठल्याही ग्रंथात इतके लख्ख दिसले नव्हते.

सून दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत झोपली. जाग आली तेव्हा तिची चोळी भिजली होती. तिने बाळाला जवळ घेतले, आणि ते घटाघट पितानाचा आवाज दाराबाहेर बसलेल्या सासूला ऐकू आला. सासू तिथेच, पदराने डोळे टिपत, आवाज न करता बसून राहिली.